पैठणीच्या कात्रणांचे दागिने आणि घरात लहान मूल

घरी दागिने करून विकावेत, असं छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या सिडकोतल्या बऱ्याच जणींच्या मनात असतं. विचारायला येतात त्यातल्या कितीतरी जणींच्या कडेवर मूल असतं. प्रत्येकीशी बोलताना काही ना काही सांगायचं राहून जातं. म्हणून माझ्याकडे कसं झालं, काय अडलं आणि कशाने सुटलं, ते एकदा सलग लिहिते.

मी इथल्याच शासकीय कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकले. पुढे एका शाळेत कंत्राटी कलाशिक्षिका होते. मुलगी झाली आणि ती नोकरी सुटली. नवरा वाळूजच्या कंपनीत आहे. त्याची पाळी बदलत राहते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रांगत्या मुलीमागे पळणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणजे जे करायचं ते घरातूनच. पैशांची गरज होतीच. शिवाय महिनोन्‌महिने हातात पेन्सिल नाही, रंग नाहीत, याने मला चैन पडत नव्हतं. हे तेव्हा मी कुणाला बोलले नाही.

सुरुवात कात्रणांपासून झाली. ओळखीच्या शिंप्याकडे पैठणीच्या ब्लाउजची कात्रणं पडलेली असायची. एखाद्या तुकड्यात अख्खा बांगडी मोर, एखाद्यात मुनिया, एखाद्यात कमळ. कॉलेजात असताना अजिंठ्याला अभ्यासाला गेलो होतो. सतराव्या लेण्यातल्या अप्सरेच्या गळ्यातले सर एका बाजूला झुकलेले दिसतात, त्यावरून ती उडत येते आहे हे कळतं. ते चित्र मी तेव्हा खूप वेळा काढलं होतं. दागिना अंगावर कसा पडतो, कुठे झुलतो, हे पाहायची सवय तिथून लागली. कात्रणाचं पदक, खाली मोत्यांचा झुपका, वर रेशमी डोरी, असा पहिला हार केला. नणंदेने तो घालून एका लग्नात मिरवला आणि तिथेच दोन-तीन जणींनी विचारलं.

कापडाबद्दल थोडं सांगते, कारण यातच बरंच सामान वाया जातं. हातमागावरची अस्सल पैठणी उलट बाजूनेही सुलट बाजूसारखीच दिसते, मागे सुटे धागे नसतात. ती कापली तरी लगेच उसवत नाही, पण जरीची कड मानेला टोचते. म्हणून कड आत दुमडून मागे अस्तर लावायला हवं. आपल्या शहराच्या हिमरूचं उलट आहे. त्याच्या मागच्या बाजूला आडवे सुटे धागे असतात. हिमरू तसंच कापलं की नक्षीच हातात येते. हिमरूला आधी इस्त्रीने बकरम चिकटवायचं आणि मग कात्री लावायची. शिंप्याकडची बरीचशी कात्रणं सेमी पैठणीची, म्हणजे अस्सल नसलेल्या पैठणीची असतात. त्यात वाईट काही नाही, पण गिऱ्हाइकाला तसं सांगायचं. मी टॅगवर ‘सेमी पैठणी’ असं स्वच्छ लिहिते. त्याने विक्री कमी झाली नाही.

मणी, हुक, कड्या, डोरी हे किरकोळ सामान गुलमंडी आणि सिटी चौकाच्या आसपास मिळतं. थोडं लागत असेल तर तिथूनच घ्यावं. जास्त लागायला लागलं तेव्हा मी मुंबईला भुलेश्वरला जाऊ लागले. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटी, दिवसभर खरेदी, रात्रीच्या गाडीने परत. माल स्वस्त पडतो, पण तिकडे गेलं की हात आवरत नाही. यादी लिहून न्या आणि यादीबाहेर काही घेऊ नका. आवडले म्हणून घेतलेले मणी माझ्या कपाटात अजून पडून आहेत, आणि त्यात अडकलेला पैसाही.

आता मुलीबद्दल. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

तेव्हा माझं काम दिवाणखान्यात चटईवर चालायचं. मुलगी तीनेक वर्षांची होती. मण्यांच्या डब्या मी झाकण लावून ठेवत असे. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि नाकाकडे बोट दाखवून म्हणाली, “आई, मणी आत गेला.” मोत्याचा छोटा मणी होता. आत पांढरं काहीतरी दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, पिनेने काढू. शेजारच्या काकू म्हणाल्या, चिमट्याने निघेल. माझेही हात चिमट्याकडे गेले होते. नवऱ्याने थांबवलं. आम्ही तिला तसंच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बारीक अवजाराने क्षणात मणी काढला. गोल, गुळगुळीत वस्तू चिमट्यात धरली जात नाही, ती उलट आत सरकते, आणि मूल रडताना ती श्वासनलिकेत जाऊ शकते, हे त्यांनी समजावलं. आणखी एक सांगितलं. मूल काही बोललंच नाही आणि वस्तू आतच राहिली, तर एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत राहतो. तसं दिसलं तर सर्दी समजून थांबू नये.

त्याच वेळी त्यांनी विचारलं, घरात बटण सेल आणि लोहचुंबक आहेत का? दोन्ही होते. मणी तोलायच्या छोट्या काट्यात बटण सेल होता. चोकरच्या हुकांत चुंबक होते. बटण सेल नाकात किंवा अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा जळायला लागते. दोन चुंबक गिळले तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वळणांतून ते एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं. अशा वेळी घरी वाट पाहायची नाही, उलटी करवायची नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं. त्या रात्री मला झोप आली नाही. सगळं सामान कुणाला तरी देऊन टाकावं असंच वाटत होतं.

दिलं नाही, पण घराची रचना बदलली. मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं केलं आणि त्याला कुलूप लावलं. टेबल उंच घेतलं. टेबलाला चारही बाजूंनी बोटभर उंचीची पट्टी ठोकून घेतली, त्यामुळे मणी घरंगळून खाली पडत नाही. खाली एकरंगी चादर अंथरते. काम संपलं की ती बाहेर नेऊन झटकते, कारण खाली पडलेला एक मणी पुरेसा असतो. चुंबकाचे हुक वापरणं बंद केलं, आता डोरी आणि साधा हुक. ज्याच्या सेलचं झाकण स्क्रूने बसतं असा काटा घेतला. मुलीला तिची स्वतःची पेटी दिली. त्यात लाकडाचे मोठे मणी आणि जाड दोरा. आईसारखं काम करायला मिळालं, मग माझ्या डब्यांकडे तिचं लक्ष कमी झालं.

मध्यंतरी रेझिनच्या दागिन्यांची खूप मागणी होती. फुलं घातलेली पदकं छान दिसतात. मी करून पाहिलं आणि सोडून दिलं. ओल्या रेझिन आणि हार्डनरचा त्वचेला त्रास होतो, काहींना कायमची ॲलर्जी जडते. हातमोजे, मास्क, हवा खेळती असलेली वेगळी खोली हवी. रेझिन पूर्ण घट्ट व्हायला एक ते तीन दिवस लागतात आणि तोवर तिथे मूल फिरकता कामा नये. तीन खोल्यांच्या घरात हे जमत नाही. ज्यांना गच्चीवर वेगळी खोली आहे त्यांनी करावं.

नंतरची अडचण किमतीची. पहिल्या वर्षी मी सामानाच्या दुप्पट किंमत लावायचे. दिवाळीत विक्री भरपूर झाली आणि हातात फारसं काही उरलं नाही. मग वही घेऊन बसले. एका साध्या हाराचं गणित असं निघालं. कात्रण, बकरम, मणी, डोरी, हुक मिळून ११० रुपये. डबी, पिशवी, टॅग २५. काम अडीच तास, तासाला १०० रुपये धरले तर २५०. वीज, सुया, बिघडलेला माल यांचे ३५. झाले ४२०. त्यावर ८० रुपये नफा ठेवला तर किंमत ५००. मी तो हार २५०-३०० रुपयांना देत होते. म्हणजे माझी मजुरीच मी गिऱ्हाइकाला देत होते.

५०० म्हटल्यावर काही ओळखीच्या बायका नाराज झाल्या. “अगं, घरीच तर करतेस,” असं ऐकायला मिळालं. तेव्हा वाईट वाटलं. पण जे अडीच तास मी हाराला देते, ते मुलीच्या वाट्याचे असतात. त्यांची किंमत मीच धरली नाही तर दुसरं कोण धरणार? काही गिऱ्हाइकं गेली. उरली ती आजही येतात.

दुकानात माल ठेवायचा असेल तर हेच गणित आधी करा. एका दुकानदाराने विक्रीतला तिसरा हिस्सा मागितला. ५०० च्या हारातून मला साधारण ३३३ मिळाले असते, आणि माझा खर्चच ४२० होता. म्हणून दुकानासाठी मी वेगळे, झटपट होणारे कानातले करते. प्रदर्शनाचंही तसंच. निराला बाजार, सिडको भागातल्या सभागृहांत सणाआधी प्रदर्शनं भरतात. टेबलाचं भाडं ३,००० असेल आणि एका हारामागे ८० नफा असेल, तर नुसतं भाडं निघायला ३८ हार विकले पाहिजेत. दोघी-तिघींनी मिळून एक टेबल घेतलं तर परवडतं. एकीने विकावं, एकीने मुलांकडे पाहावं.

या शहराचं हवामानही हिशोबात धरावं लागतं. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. ग्लू गनने चिकटवलेली पदकं कुरिअरच्या तापलेल्या गाडीत सुटली आणि गिऱ्हाइकाच्या हातात तुकडे पडले. पैसे परत दिले. तेव्हापासून पदक आधी सुई-दोऱ्याने शिवते, डिंक फक्त आधाराला. पावसाळ्यात पितळ काळं पडतं आणि कापडाला कुबट वास येतो. तयार माल झिपच्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवायचा. ती पुडीही मुलाच्या हाताला लागू द्यायची नाही. आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी मी ऑर्डर हाती घेत नाही. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी भरणं, धुणं यातच वेळ जातो.

एका ताईंचे कान माझ्या झुमक्यांनी सुजले, पाणी सुटलं. मला फार लाजल्यासारखं झालं. स्वस्त हुकांमध्ये निकेल असतं आणि बऱ्याच जणींना त्याची ॲलर्जी असते. पाकिटावर ‘ॲलर्जी होणार नाही’ असं छापलेलं असलं तरी त्यावर भरवसा नको. आता मी सर्जिकल स्टीलचे हुक वापरते. त्यातही थोडं निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असल्याने सहसा त्रास होत नाही. ज्यांना खूपच त्रास होतो त्यांना चांदीचे हुक लावून देते आणि त्याचे पैसे वेगळे घेते.

विक्री मुख्यतः व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर. इथे पैशांबाबत जपून राहा. एकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला आणि “माणूस खाली उभा आहे, पार्सल द्या” म्हणून घाई केली. मुलगी तापाने फणफणली होती, मी पार्सल देऊन टाकलं. पैसे आलेच नव्हते. आता बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय काही हलत नाही. दुसरा प्रकार, “पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता कमी.

कात्रणांच्या दागिन्यांत आणखी एक तक्रार येते, “फोटोतल्यासारखा नाही.” एका कात्रणातून एक-दोनच पदकं निघतात, तोच मोर पुन्हा मिळत नाही. म्हणून मी प्रत्येक नगाचा स्वतंत्र फोटो काढते, खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात. विकला गेला की तो फोटो काढून टाकते. मागणीवरून करायचं असेल तर रंग आणि नक्षी बदलेल हे आधी लिहून पाठवते आणि अर्धे पैसे आधी घेते. पाठवण्याआधी डबी बंद करतानाचा छोटा व्हिडिओ काढते. वाटेत मोडतोड झाली तर वाद होत नाही.

आमचा खरा हंगाम नवरात्रीपासून. नऊ दिवसांचे नऊ रंग आधीच जाहीर झालेले असतात आणि प्रत्येकीला त्या रंगाचं काहीतरी हवं असतं. कर्णपुऱ्याच्या यात्रेला जायचंय, उद्या पिवळा आहे, आज द्या, असे फोन रात्री येतात. एका वर्षी मी सगळ्यांना हो म्हटलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसले. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या दिवसांत मुलगी शाळेतल्या भोंडल्याबद्दल काय काय सांगत होती आणि मी नुसतं हं हं करत होते. नंतर तिने सांगणंच थांबवलं. ते मला फार लागलं.

आता नवरात्रीचं काम श्रावणात सुरू होतं. ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख ठरलेली असते आणि त्यानंतर मी नाही म्हणते. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाच्या मोठ्या ऑर्डरी येतात, ३० रुपयांचा एक नग, असे शंभर. नफा कमी असतो, पण काम सोपं असतं, सासूबाई आणि शेजारच्या काकूही बसतात. काकूंना नगावर पैसे देते. डोहाळजेवणाच्या आणि हळदीच्या फुलांच्या दागिन्यांना भाव चांगला मिळतो, फक्त तारीख चुकवून चालत नाही. म्हणून मूल आजारी पडलं तर कोण पुरं करेल, हे ठरवूनच ती ऑर्डर घेते. अशीच काम करणारी एक मैत्रीण आहे. आम्ही एकमेकींच्या ऑर्डरी सांभाळतो.

रोजचा वेळ ठरवला, याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. मुलगी शाळेत असते तेवढे तास काम. ती आली की कपाटाला कुलूप. रात्री ती झोपल्यावर फक्त पॅकिंग आणि हिशोब. व्हॉट्सॲप बिझनेसवर रात्री नऊनंतर आपोआप उत्तर जातं की सकाळी बोलू. नवऱ्याची रात्रपाळी असते त्या आठवड्यात तो दिवसा झोपतो, म्हणून ठोकाठोकीची कामं त्याच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात करते. आठवड्यातली एक दुपार मी विकण्याचं काही करत नाही. नुसती चित्रं काढते. नवीन नक्षी तिथूनच सुचते.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधारवर ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. माझ्याकडे एका एजंटाने त्याचे पैसे मागितले होते. मी मोबाइलवर स्वतः केली. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. ऑनलाइन कंपन्यांमार्फत विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय, एनरोलमेंट क्रमांकावर विकता येतं. परराज्यात माल पाठवायचे नियम वेगळे आहेत, ते सीएला विचारून घ्या. आणि धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. घरखर्चाच्या खात्यात पैसे आले की ते किराण्यात जातात आणि नफा झाला की तोटा हे कळतच नाही.

या धंद्यावर आमचं घर चालत नाही. मुलीची शाळेची फी, माझ्या रंगांचा खर्च आणि थोडी शिल्लक एवढं निघतं. मला ते पुरेसं वाटतं. तुम्ही सुरू करणार असाल तर माझं सांगणं एवढंच आहे. मण्यांचं पहिलं पाकीट आणण्याआधी कुलपाचं कपाट आणा. पहिला हार विकण्याआधी वहीत स्वतःची मजुरी लिहा. आणि कामाची वेळ घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. एवढ्या तीन गोष्टी केल्यात तर पुढचं निभावता येतं.